आधी टपटप थांबवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आमचं गळकं छत तुम्ही दुरुस्त केलंत, पण त्या दिवशी घाईत होतात आणि मला धड दोन शब्द सुचले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र. यंदा बर्फ पडला, वितळला, पुन्हा गोठला, तरी आईच्या खोलीचं छत कोरडं ठणठणीत आहे. काल त्यावर हात फिरवून पाहिला आणि डोळ्यांत पाणीच आलं.

तुमच्याआधी येऊन गेलेल्यांचीही आठवण काढायला हवी. एकाने शिडी लावून पन्हळीतला बर्फ हातोडीने फोडला. बर्फ निघाला, सोबत पन्हळीचा सांधा आणि कडेच्या शिंगल्सही, म्हणजे छतावर एकीवर एक बसवलेल्या चपट्या पट्ट्याही, निघाल्या. दुसरे महाशय गाडीतून न उतरताच "अख्खं छत बदला" म्हणून मोकळे झाले. आणखी एकाने बर्फ वितळवायला वर मीठ ओतायला सांगितलं. साध्या मिठाने पत्रा गंजतो, खालची झाडं जळतात, हे त्याला ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. घरात येऊन बघावं असं एकालाही वाटलं नाही.

तुम्ही दाराशी ओले बूट काढलेत आणि थेट आईच्या खोलीत गेलात. छताचा रंग फुग्यासारखा लोंबत होता, खाली बादलीत अखंड टपटप. आई म्हणाली, "पाण्याचं काही नाही हो, त्या आवाजाने झोप लागत नाही." तुम्ही काही बोलला नाहीत. फुगवट्याला बारीक भोक पाडून साचलेलं पाणी काढलंत, खिशातला सुतळीचा तुकडा टाचणीने तिथेच अडकवलात आणि दुसरं टोक बादलीत सोडलंत. पाणी सुतळीवरून निमूट उतरू लागलं. आवाज बंद! गळती तेव्हा थांबली नव्हती, पण आई त्या रात्री गाढ झोपली. इतके दिवस सगळे छताबद्दल बोलत होते. छताखाली कुणी झोपतं, हे तुमच्या लक्षात आलं.

मग पोटमाळ्यावर चढताना म्हणालात, "बर्फ बाहेर दिसतोय, पण चोर घरात आहे." खरंच होता. खोल्यांतली ऊब वर झिरपून छत तापवत होती, त्यामुळे बर्फ खालून वितळायचा. ते पाणी वळचणीशी आलं की गोठायचं, कारण तिथे खाली उबदार खोलीच नाही. त्याचा बांध व्हायचा, मागे पाणी तुंबायचं आणि शिंगल्सच्या खालून आत शिरायचं. "शिंगल्स वाहत्या पाण्यासाठी असतात, तुंबलेल्या नाही," हे तुमचं वाक्य मी आता येईल त्याला ऐकवते. न्हाणीघराचा पंखा दमट हवा बाहेर न टाकता पोटमाळ्यातच सोडत होता, हेही तुम्हीच पकडलंत. आणि आम्ही त्या वळचणीला लटकणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांचे हौसेने फोटो काढत होतो!

उदबत्तीचा धूर जिकडे ओढला जाई तिकडची फट तुम्ही बुजवलीत, ऊब अडवणारा थर, म्हणजे इन्सुलेशन, नंतर. वळचणीखालचे हवेचे झरोके त्यात दबू दिले नाहीत. बाकी कामाचं मला फारसं कळलं नाही. बर्फ वितळवायला छतावर गरम होणारी विजेची तार लावू का विचारलं, तर म्हणालात, "विकायला मला आवडेल, पण तुम्हाला गरज नाही." असं बोलणारा माणूस मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. पानगळ संपली की पन्हळ आणि उतरता पाइप साफ करा, एवढंच बजावलंत. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. पानांनी तुंबलेल्या पन्हळीचे सांधे मग उसवणारच.

हुशार कारागीर मिळतात, पैसे मोजले की बरेच मिळतात. समोरच्याची अडचण आपल्या कामात बसत नसली तरी ऐकून घेणारे मोजकेच. तुमच्याकडे शिकणाऱ्या पोरांना तुम्ही हे शिकवत असाल, नसाल तर शिकवा.

आणि एक तक्रार. थंडीत पुन्हा येऊन छत पाहून गेलात, त्याचं बिल अजून आलेलं नाही. आई रोज विचारते. कृपा करून पाठवा, नाहीतर ती स्वतः तुम्हाला फोन करणार आहे आणि तो फोन लवकर संपायचा नाही.

तुमची ऋणी,
त्या गळक्या छताची मालकीण