पक्या, आधी तुझ्या कानांचं बोलू

ऐरोली,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय पक्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही की धड फोन केला नाही. दोष सगळा माझा, तू मनात धरू नकोस. इकडे सगळे बरे आहेत, माझी बीपीची गोळी चालू आहे, बाकी काही नाही.

लिहायला बसलो ते परवाच्या फोनमुळे, आणि बुलेट चालवताना कानात घालायच्या इअरप्लगबद्दल. दहा मिनिटांत तू पाच वेळा ‘काय?’ म्हणालास. दिल्याच्या पोरीच्या क्लासची फी मी साठ हजार सांगितली, तू आठ हजार ऐकलीस आणि वर ‘स्वस्तात काम झालं की’ म्हणालास! तेव्हा हसलो दोघंही. पण मग वहिनींनी फोन घेतला. त्या म्हणाल्या, हे बुलेटवर नाशिकहून आले की रविवारी रात्री टीव्हीचा आवाज वाढवतात आणि सोमवारी संध्याकाळी स्वतःच कमी करतात. मागून तू ओरडलास, ‘अगं, वाऱ्याने दडे बसतात, झोपलं की सुटतात.’

पक्या, ते दडे नव्हेत. दडे बसतात हवेच्या दाबाने, कसारा घाट चढताना बसतात तसे, आणि आवंढा गिळला की सुटतात. रात्रभर टिकतं, सोबत बारीक शिट्टी वाजते, ते आवाजाने दमलेल्या कानाचं लक्षण आहे. आतल्या कानात शंखासारखं वेटोळं असतं, त्यात केसासारखे तंतू असलेल्या पेशी असतात. मारा झाला की त्या काही तास बधिर होतात, मग सावरतात. दर शनिवार-रविवार तेच झालं की काही सावरतच नाहीत, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका बसतो तो तीन ते सहा हजार हर्ट्झच्या, म्हणजे बारीक आवाजांच्या वरच्या पट्टीला. स, श, फ, थ ही व्यंजनं बरीचशी तिथे वरच राहतात. म्हणून समोरचा बोलतोय हे तुला ऐकू येतं, शब्द मात्र कळत नाही. साठाचा आठ होतो तो असा.

आता आपलं जुनं भांडण. तुझ्या बुलेटचा सायलेन्सर बदल म्हणून मी तुझ्यामागे किती वर्षं लागलो होतो. तो बदलायलाच हवा, शेजाऱ्यांसाठी. पण तुझ्या कानांचा खरा शत्रू तो नाही, हे कबूल करतो. साधारण साठ-पासष्टच्या पुढे गाडी गेली की हेल्मेटच्या आत इंजिनापेक्षा वारा मोठा होतो. वारा हनुवटीखालून, मानेच्या फटीतून आत घुसतो, हेल्मेटच्या कडेवर फाटतो आणि त्याची घरघर थेट कानाशी. नव्वद-शंभरच्या वेगाला आतला आवाज ९५ डेसिबलच्या आगेमागे जातो. हेल्मेट कितीही महागडं असू दे, ही खालच्या पट्टीतली घरघर त्याने फारशी अडत नाही.

हिशेब बघ. अमेरिकेची नायॉश ही संस्था कामगारांसाठी ८५ डेसिबलला आठ तास म्हणते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. तुझा माणकोली ते इगतपुरीचा मोकळा रस्ता एका फेरीत हा सगळा कोटा संपवतो, आणि दुसऱ्या दिवशी परतीची फेरी आहेच.

तेव्हा इअरप्लग. तू म्हणालास, ‘ऑनलाइन सगळ्यात मोठ्या आकड्याचे मागवतो.’ नको. प्लग किती डेसिबल अडवतो ते सांगणारा हा आकडा, पण मुळात त्यातच गोंधळ आहे. एनआरआर ही अमेरिकन मोजणी, एसएनआर युरोपियन. थ्री-एम कंपनीचा ११०० हा एकच नारिंगी प्लग, पण एनआरआर २९ आणि एसएनआर ३७. दोन पाकिटं शेजारी ठेवून तुलना केलीस तर फसशील. शिवाय आकडा निघतो प्रयोगशाळेत, नीट बसवलेल्या प्लगवर. प्रत्यक्षात किती मिळेल याचा अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याचा ठोकताळा असा आहे: एनआरआरमधून ७ वजा कर, उरलेलं निम्मं कर. २९ चे झाले ११. म्हणजे ९४ चे ८३. तेवढ्यानेही तू पंच्याऐंशीच्या खाली येतोस. आणि तेहतीसचा प्लग कानात अर्धवट अडकवलास तर तेवढंही मिळत नाही. आकड्यापेक्षा तो तुझ्या कानात चारी बाजूंनी चिकटून बसतो का आणि तीन तास टोचत नाही ना, हे बघ. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी तपशील.

स्पंजचे प्लग दोन जातीचे मिळतात. ११०० सारखे पॉलियुरेथेनचे मऊ, टोकाला निमुळते, गुळगुळीत. आणि ई-ए-आर क्लासिक, पिवळा, सरळ दंडगोल, जरा कडक. मऊवाला सुरुवातीला सोपा जातो. मोठ्या कानाला हॉवर्ड लाइट कंपनीचा मॅक्स चांगला धरतो, पण नळी अरुंद असेल तर दुखतो. अशांना त्यांचाच मॅक्स लाइट घ्यावा, तो कमी दाबाचा आहे. पुष्कळांचे दोन कानही सारखे नसतात, डाव्यात एक आणि उजव्यात दुसरा चालला तर तसाच घाल, कोण बघतंय हेल्मेटच्या आत! दोरीवाले घेऊ नकोस. १११० म्हणजे तोच ११००, फक्त दोरीसकट. दोरी हेल्मेटच्या गादीत अडकते आणि प्लग ओढला जातो. वागळे इस्टेटमध्ये सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात सुटे मागून बघ. ११०० चा खोका दोनशे जोड्यांचा असतो, तो पहिल्याच दिवशी उचलू नकोस.

लोक चुकतात ते घालण्यात. हात धुऊन, कोरडे करून. प्लग अंगठा आणि दोन बोटांत धरून सावकाश वळायचा, उदबत्ती वळतात तसा, आधी हलक्या हाताने, मग दाब वाढवत, पार बारीक काडी होईपर्यंत. वळताना त्याला चुणी पडता कामा नये. चुणी पडली की आत गेल्यावर तिथे बारीक नळी राहते, आणि त्या नळीतून नेमकी खालच्या पट्टीतली वाऱ्याची घरघर शिरते. थुंकी लावून वळू नकोस, ओला स्पंज नीट दबत नाही. मग उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा. याने कानाची वाकडी नळी सरळ होते. ही पायरी सगळे गाळतात आणि मग ‘माझ्या कानात बसतच नाही’ म्हणतात. काडी चटकन आत सरकवायची आणि बोटाच्या टोकाने तीस-चाळीस सेकंद दाबून धरायची. स्पंज फुगताना आवाज हळूहळू लांब जातो, पंखा शेजारच्या खोलीत गेल्यासारखा. तो लांब गेला नाही तर काढ आणि पुन्हा वळ. थंडीत इगतपुरीला हा फुगायला जास्त वेळ घेतो, आधी मुठीत गरम कर.

बसला का, हे ओळखायचं असं. ‘हूंऽ’ करून गुणगुण. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला पाहिजे, दोन्हीकडे सारखा. मग गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाब आणि सोड. फारसा फरक पडला नाही तर प्लग आपलं काम करतोय. फरक मोठा जाणवला तर गळतोय. आरशात बघ, समोरून टोक दिसत असेल तर तो पुरेसा आत गेलेला नाही, आणि हेल्मेटची गादी त्याला दर खड्ड्याला ढकलेल. हेल्मेट घालताना दोन्ही पट्टे बाहेर ताणून घाल, कान दुमडता कामा नये. काढताना प्लग हळू पिळत काढायचा, एकदम खेचलास तर पडद्यावर ओढ बसते आणि दुखतं.

सिलिकॉनचे तीन छत्र्यांचे किंवा फिल्टरवाले प्लग असतात. पुन्हा पुन्हा वापरता येतात, पेट्रोल पंपावर चटकन काढता-घालता येतात. स्पंज वरच्या पट्टीतले आवाज खालच्यांपेक्षा जास्त कापतो, त्यामुळे बोलणं गुदमरल्यासारखं येतं. फिल्टर जरा समतोल कापतो. तुझी वरची पट्टी आधीच गेली असेल तर घोडबंदरच्या गर्दीत स्पंज घातल्यावर तुला हॉर्न आणि माणसं आणखीच कमी कळतील. म्हणून शहरात फिल्टर, माणकोलीच्या पुढे स्पंज, असं माझं मत. मोटारसायकलसाठीचे फिल्टरवाले साधारण एसएनआर वीसच्या आसपास असतात, म्हणजे शंभरच्या वेगाला जरा तोकडेच. छत्र्यांचा आकार चुकला तर गळतात, तेव्हा दोन मापं येतात तेच घे. कानाचा साचा काढून करतात ते सगळ्यात सुखाचे, ऑडिओलॉजिस्टकडे होतात. पण काही हजार घालण्याआधी आपण रोज वापरतो की नाही ते स्पंजवर कळू दे.

‘पण हॉर्न ऐकू येणार नाही,’ हे तुझं माळशेजपासूनचं पालुपद. हायवेवर उलट होतं. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही साधारण सारखेच खाली आणतो, त्यांच्यातला फरक बराचसा तसाच राहतो. आणि नव्वद-पंच्याण्णव डेसिबलच्या माऱ्यात कान भांबावलेला असतो, तो मारा उतरला की अँब्युलन्स आणि ट्रकचा हॉर्न जास्त सुटा ऐकू येतो. पहिले वीस किलोमीटर आपण हळू चाललोय असं वाटतं, वेग नकळत वाढतो. काट्याकडे बघत राहा.

ते ब्लूटूथ इअरबड हेल्मेटखाली घालतोस ते मात्र बंद. वाऱ्यावर मात करायला गाणं आणखी मोठं करावं लागतं, म्हणजे माऱ्यावर मारा. रस्ता सांगणारा आवाज हवाच असेल तर हेल्मेटमधला स्पीकर वापर. प्लग घातलेल्या कानालाही तो कळतो, वारा खाली गेलेला असतो ना. कापूस तर घालूच नकोस, त्याने काही अडत नाही.

कानात मळ असेल तर प्लग तो आणखी आत रेटतो, म्हणून एकदा डॉक्टरकडून बघून घे. काडीने कोरू नकोस, तू कोरतोस हे मला माहीत आहे. आपल्या दमट हवेत भिजलेला स्पंज कानात राहिला की बुरशी होते, खाज येते. पावसात भिजलास तर ती जोडी टाकून दे. कान वाहत असेल तर कोणताच प्लग नाही. स्पंज धुवायचा नाही. मळला, कडक झाला, वळल्यावर पुन्हा फुगेना की टाकायचा. सिलिकॉनवाला कोमट साबणपाण्यात धुवायचा, फिल्टर आधी काढून, आणि पूर्ण वाळल्यावरच डबीत.

गाडीचंही एक बघ. तुझी ती उंच काच. सरळ रस्त्यावर एका वेगात असताना चार बोटं उंच हो, मग चार बोटं वाक. उंच झाल्यावर आवाज एकदम साफ झाला तर काचेच्या कडेवरून येणारा खळबळता वारा तुझ्या हेल्मेटवर आदळतोय. अशी काच नसलेली बरी, किंवा आखूड. मानेची फट रुमालाने बंद कर, हनुवटीचा पडदा लाव. मागे बसणाऱ्या वहिनींनाही तोच वारा, त्यांचीही जोडी हवीच.

प्लग पुढचं नुकसान टाळायला, झालेलं कळायला ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, कर. वांद्र्याला रेक्लमेशनवर अली यावर जंग संस्था आहे, किंवा ठाण्यात ईएनटीकडे. तीन हजार आणि सहा हजारवरही तपासा म्हणून आवर्जून सांग. आधीचे चौदा तास तरी गोंगाट नको, म्हणून सोमवारी जाऊ नकोस, बुधवार-गुरुवार धर. आणि एखाद्या कानाला अचानक कमी ऐकू आलं तर ‘झोपलं की सुटतात’ करत बसू नकोस. त्याच दिवशी डॉक्टर. त्यात दिवस गेले की उपचाराचा उपयोग कमी होत जातो.

अनूची दहावी ना यंदा? तिला माझे आशीर्वाद. काकूंच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव. तुझ्या बदलीचं मंग्याकडून कळलं, त्यावर भेटल्यावर बोलू.

सोबतच्या पाकिटात चार पुड्या आहेत, पेनने १ ते ४ लिहिलंय. १ म्हणजे ११००, २ क्लासिक, ३ मॅक्स, ४ मॅक्स लाइट. प्रत्येकाच्या दोन जोड्या. शनिवारी निघण्याआधी नव्हे, आधी घरी बसून प्रत्येक प्लग अर्धा तास घालून बघ, हेल्मेटसकट, पंखा लावून. कुठला दुखला, कुठला गळला ते डावा-उजवा वेगळं लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस, लिही.

तुझा,
बाळ्या