पदवीची तारीख आणि प्रमाणपत्राची तारीख

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आणि सोबतची नकाराची प्रत मिळाली. एम.डी. ही अर्हता कमिशनच्या (म्हणजे लष्करी अधिकारी म्हणून नेमणुकीच्या) तारखेनंतर नोंदवली गेली, म्हणून ज्येष्ठतेची अँटी-डेट, म्हणजे ज्येष्ठता मागील तारखेपासून धरणे, अनुज्ञेय नाही, एवढे एकच वाक्य आणि खाली सही. कोणत्या नियमाच्या आधारे हे ठरवले, त्याचा उल्लेखही नाही. वाचून मला फार वाईट वाटले. पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे तू वॉर्डात आणि रात्रपाळ्यांत घालवलीस, ती वर्षे ज्येष्ठतेत धरली जातील असे भरतीच्या अटींत लिहिलेले होते, आणि तो भरवसा धरूनच तू आर्मी मेडिकल कोअरमध्ये आलास. त्यामुळे तू मागतोस ती सवलत नव्हे, तो कराराचा भाग आहे. आणि अपिलाच्या पहिल्या ओळीपासून तुझी भाषा हक्काचीच असली पाहिजे.

तुझ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा तारखांमध्ये आहे. विद्यापीठाचा निकाल जाहीर झाला तेव्हा तू अजून नागरी वेशात होतास. वैद्यक परिषदेकडून अतिरिक्त अर्हतेच्या नोंदणीचा कागद आला, तेव्हा तू लखनौच्या एएमसी (आर्मी मेडिकल कोअर) सेंटरमध्ये बेसिक कोर्स करत होतास. म्हणजे पदवी कमिशनपूर्वीची आहे, फक्त तिचा एक पुरावा नंतरचा आहे. याच भेदावर सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये चार्ल्स स्कारिया विरुद्ध डॉ. सी. मॅथ्यू या प्रकरणात निर्णय दिलेला आहे, आणि योगायोग असा की तो वाददेखील केरळमधील डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाचा होता. पदविकेसाठी जादा गुण मिळणार होते; काही उमेदवारांनी पदविका मुदतीपूर्वी मिळवली होती, पण तिचा दाखला मुदतीत जोडला नव्हता. ठरलेल्या तारखेला अर्हता अंगी असणे हे आवश्यक, आणि तिचा दाखला केव्हा व कसा दाखवला ही दुय्यम बाब, असे न्यायालयाने मानले. अर्थात, तुझ्या नेमणुकीच्या अटींमध्ये ‘नोंदणीकृत अर्हता’ असा शब्द असेल, तर समोरची बाजू त्यावरच बोट ठेवेल. म्हणून अटींची मूळ प्रत समोर ठेवून तो परिच्छेद शब्दन् शब्द वाच, आणि जाहिरातीतला मजकूरही त्याच्याशी ताडून पाहा. अर्ज लिहिण्याआधी हे काम झालेच पाहिजे.

दुसरी गोष्ट मागणीच्या रचनेची. तुझ्या मसुद्यात ज्येष्ठता, थकीत वेतनवाढी, बढतीचा फेरविचार आणि पेन्शनसाठीची पात्र सेवा हे सगळे एकाच परिच्छेदात आले आहे. ते वेगळे कर, कारण कायदा या मागण्यांकडे एकाच नजरेने पाहत नाही. 2008 च्या तरसेम सिंग प्रकरणात, आणि ते तर लष्करातून वैद्यकीय कारणाने बाहेर पडलेल्या एका जवानाच्या पेन्शनचेच होते, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चुकीच्या वेतनाचा किंवा पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्याने होत राहतो, त्यामुळे उशीर झाला तरी दाद मागता येते; मात्र थकबाकी सर्वसाधारणपणे अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. ज्येष्ठता आणि बढतीला हा आधार लागू होत नाही, कारण तिथे मधल्या काळात इतरांचे हक्क निर्माण झालेले असतात. तुझे नाव वर सरकले तर कोणाचे तरी खाली जाणार, आणि असे अधिकारी प्रकरणात पक्षकार करावे लागू शकतात. म्हणून वेतनाची मागणी ज्येष्ठतेच्या निकालावर टांगून ठेवू नकोस. ती स्वतंत्रपणे उभी राहील अशी मांड. पेन्शनचा मुद्दा मात्र मी सध्या काढून टाकेन. पात्र सेवा ही मुळात प्रत्यक्ष केलेल्या सेवेवर मोजतात, आणि तुझ्या अटींत तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ही कमकुवत मागणी चांगल्या मागण्यांनाही ओढून खाली नेईल.

आता मुदतीविषयी. तू आणखी एक स्मरणपत्र पाठवणार आहेस असे लिहिलेस. कृपा करून पाठवू नकोस. जुन्या मागणीवर पुन्हा पुन्हा अर्ज केल्याने, किंवा अशा अर्जाला उत्तर मिळाल्याने, मुदत नव्याने सुरू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सी. जेकब प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. स्मरणपत्रे लिहिताना आपण काहीतरी करत आहोत असे वाटत राहते आणि मुदत मात्र निघून जाते. माझ्या पाहण्यात चांगली प्रकरणे अशीच वाया गेली आहेत.

तुझा मार्ग 1950 च्या सैन्य कायद्याच्या कलम 27 खालच्या वैधानिक तक्रारीचा आहे. ती केंद्र सरकारकडे जाते आणि तुझ्या कमांडिंग ऑफिसरमार्फत रीतसर पुढे पाठवावी लागते. पोच घे, आणि तिच्यावर तारीख आहे ना ते तिथेच उभे राहून पाहा. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे दार आहे. 2007 च्या सशस्त्र दल न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे आधी खात्यांतर्गत उपाय संपवावे लागतात, पण तक्रारीवर सहा महिने काहीच निर्णय झाला नाही तर ते संपले असे मानले जाते. कलम 22 प्रमाणे अंतिम आदेशापासून, किंवा ते सहा महिने उलटल्यापासून, पुढच्या सहा महिन्यांत अर्ज दाखल व्हायला हवा. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण त्यावर विसंबू नये. तिथे निकाल विरुद्ध गेला तरी सगळे संपत नाही. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जाता येते, हे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ठाम केले आहे.

तक्रारीचे काम चालू असतानाच माहितीच्या अधिकाराखाली दोन गोष्टी माग: तुझ्या प्रकरणाच्या फाइलवरील टिपण्या, आणि ज्या नियमाच्या आधारे नकार दिला त्याची प्रत. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. फाइलवर कोणीतरी तुझ्या बाजूने शेरा लिहिलेला असण्याची शक्यता मला खरोखर वाटते, कारण असे निर्णय क्वचितच एकमुखी असतात. शिवाय तुझ्याच तुकडीतल्या ज्यांना अशाच परिस्थितीत अँटी-डेट मिळाली, त्यांच्या राजपत्रातील अधिसूचना गोळा कर. डिसेंबर 2024 मध्ये आर्मी डेंटल कोअरच्या एका महिला अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, एकाला न्यायालयातून मिळालेला लाभ तशाच स्थितीतल्या दुसऱ्यांना, ते न्यायालयात गेले नाहीत म्हणून, नाकारू नये. तुझ्या जोडीदारांपैकी कोणी न्यायाधिकरणातून हा लाभ मिळवला असेल, तर त्या आदेशाची प्रत तुझ्या तक्रारीत सर्वांत वर लाव.

तक्रार केली तर गोपनीय अहवालावर परिणाम होईल, ही तुझी काळजी मी हलकी मानत नाही. वर्दीतल्या माणसाला वरिष्ठांविरुद्ध लिहिणे जड जाते, मलाही गेले असते. पण हा मार्ग संसदेने अधिकाऱ्यांसाठीच कायद्यात घातला आहे. तो वापरणे म्हणजे शिस्तभंग नव्हे, आणि कोणाही व्यक्तीवर आरोप न करता केवळ तारखा आणि नियम मांडणारी तक्रार कोणालाही खुपण्याचे कारण नाही. ‘हेतुपुरस्सर’, ‘आकस’ हे शब्द मसुद्यातून काढून टाक. त्यांची तुला गरजच नाही.

निकालाची अधिसूचना, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, परिषदेकडे नोंदणीसाठी भरलेल्या शुल्काची पावती, कमिशनचे राजपत्र आणि पुण्याच्या पीसीडीए (ओ) कडून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या वेतनाचा हिशेब ठेवणाऱ्या लेखा कार्यालयाकडून, आलेली सुरुवातीच्या काळातली वेतनपत्रके, एवढे स्कॅन करून मला पाठव. पावतीवरची तारीख कमिशनच्या आधीची निघाली, तर नोंदणीचा उशीर तुझ्याकडून झालाच नाही, हेही आपल्याला मांडता येईल. कागद आले की मी तक्रारीचा मसुदा नव्याने लिहायला घेतो, आणि तो तुझ्या हाती पडेपर्यंत तू कुठेही सही करू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र