शनिवारची मीटिंग, पीअर सपोर्टवाल्या सगळ्यांसाठी

मंडळी, शनिवारी संध्याकाळी ५ ला वाशीत नेहमीच्या जागी भेटतोय, परीक्षा जवळ आल्यात म्हणजे आपल्याकडे मदतीसाठी येणारे फोन वाढणारच, तर नक्की या. आणि प्लीज, एडीएचडी (लक्ष टिकवणं, शांत बसणं अवघड जातं ते) किंवा ऑटिझमवाल्या मुलांना "जरा लक्ष दे ना" असलं काही बोलू नका, लहानपणापासून तेच ऐकत आलेत ती, बोलायला जमत नसेल तर टाईप करू दे, नुसतं गप्प बसलं तरी चालेल. ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहेत, परीक्षेत जादा वेळ मागता येतो हे सांगा, खूप जणांना माहीतच नसतं. कोणी जीव द्यायचं बोललं तर मात्र गुपित ठेवायचं नाही, एकटं सोडायचं नाही, लगेच को-ऑर्डिनेटरला कळवा आणि टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ लावून द्या, २४ तास चालू, फुकट, मराठीत बोलतात.