शेडमधली नाव

प्रिय बंड्या,

"पाण्यात प्लायवूड किती टिकणार?" एवढं विचारून तू मोकळा झालास. उत्तर लांबलचक आहे, चहा घेऊन बस.

ट्रॅक्टर सध्या कडुनिंबाखाली उभा आहे आणि त्याच्या शेडमध्ये चौदा फुटी नाव उलटी ठेवली आहे. आई म्हणते, एवढा पसारा घरच्या लग्नातही नव्हता. ही नाव म्हणजे ढीवरांचा, मासे धरणाऱ्यांचा, डोंगा नव्हे. डोंगा अख्ख्या खोडातून कोरतात; तसं खोड आता मिळत नाही आणि ते कसब माझ्या हातात नाही. मी प्लाय कापून शिवला. खरंच शिवला: कडेला बारीक भोकं, त्यातून तांब्याची तार, पक्कडीने पीळ. पीळ बसत जातो तसा सपाट प्लाय वाकतो आणि बघता बघता नावेचा आकार उभा राहतो. मग सांध्यात इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये, कालवलेला बारीक भुसा भरायचा, चमच्याच्या पाठीने गोल फिरवायचा, आणि वाळला की तारा काढून टाकायच्या.

प्लाय आयएस 710 चा, म्हणजे मरीन, पाण्यातल्या कामाचा, 6 एमएम. शीट आठ फुटांचीच, म्हणून दोन शीटच्या कडा रंध्याने तिरप्या छाटून एकीवर एक चिकटवल्या. उतार जाडीच्या आठपट, म्हणजे 48 एमएम.

आता तुझा प्रश्न. नुसतं पाणी लागल्याने लाकूड कुजत नाही. ओल आत मुरून राहिली की बुरशी खाते. म्हणून वरून फायबरचं कापड आणि इपॉक्सी. दुकानदार स्वस्तातलं पॉलिस्टर रेझिन गळ्यात मारत होता. कूलरच्या बॉडीला ते ठीक. लाकडाला तितकं घट्ट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. पैसे वाचवायचेच तर रंगात वाचवावेत.

खरी कसोटी आपल्या उन्हाची आहे गड्या. दहा अंश वाढले की इपॉक्सी हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. मगात राहिलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि गोळा होतं. म्हणून कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. हार्डनर, म्हणजे घट्ट करणारा दुसरा भाग, कमी घालून वेळ वाढत नाही, थर चिकट राहतो तेवढा. आणि काम ऊन उतरल्यावरच. सकाळी लावलं तर लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि थरात बुडबुडे. संध्याकाळी लाकूड निवत असतं, इपॉक्सी आत ओढली जाते.

कापड पसरून वर इपॉक्सी रबरी पट्टीने ओढायची. भिजेल तिथे पांढरं कापड दिसेनासं होतं आणि प्लायच्या रेषा गडद होऊन वर येतात. पांढुरकं राहिलं तर तिथे अजून हवी. शेजारचे ढीवरकाका बघून म्हणाले, "लाकडाले लुगडं नेसवता का जी?"

काठाला सागवानी पट्ट्या आहेत. सागात तेल, म्हणून चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसल्या.

इंजिन बसवणार नाही. 1988 ला राजीव गांधींनी वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी केली, त्यानंतर पाणी यायला किती वर्षं गेली ते तुला माहीत आहे. आता पाण्याबरोबर नागनदीतून नागपूरची घाण येते आणि जलपर्णीही. पंख्यात ती गुंतते. वल्हीच बरी.

आतली बाजू मृगाच्या आत उरकायला हवी, दमट हवेत थरावर मेणचट साय धरते आणि ती धुऊन काढावी लागते. येताना नागपूरहून 80 आणि 120 नंबरचा पॉलिश पेपर आण, हातमोज्यांचा एक डबा आण, आणि अंगावर जुनाच शर्ट घालून ये. मागच्या वेळेसारखा इस्त्रीचा नको.

तुझाच,
गजू