डब्याचा वाटा आधी काढायला शिकवणाऱ्या वहिनींना

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांसमोर लिहितोय. घरी आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे झालं भाऊजी, आधी गॅस बारीक करा" म्हणून विषयच संपवता. इथे तुम्हाला मधे बोलता येणार नाही. शिवाय शाळेचे डबे आणि रात्रीचं जेवण अशा दोन्ही गोष्टी ज्यांच्या गळ्यात आहेत, त्यांच्याही हे कामी येईल.

तुम्ही राहायला आलात तेव्हा हिच्या कामाच्या वेळा नुकत्याच बदलल्या होत्या आणि स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं होतं. सकाळी डबे, संध्याकाळी जेवण, असे दोन वेगळे कारभार चालले होते. त्यात सकाळचा जीवघेणा. एकीकडे घड्याळ, दुसरीकडे अर्धवट झोपेतली मुलं, आणि ओट्यावर अजून काहीच चिरलेलं नाही. तुम्ही काही दिवस नुसतं पाहिलंत आणि मग एका संध्याकाळी म्हणालात, "रात्री शिजतंय त्यातच उद्याचा डबा आहे. तो बाहेर कधी काढायचा एवढंच बघायचं."

उरलेलं अन्न डब्यात देणं जगभर चालतं, त्यात नवं काही नाही. तुमचं म्हणणं त्याच्या बरोबर उलट होतं. जेवणं झाल्यावर जे उरतं त्यात मुलांच्या वाट्याला काय येणार? रस्सा पिऊन फुगलेला भात, तळाशी गळालेली भाजी, मोठ्यांच्या बेताचं तिखट. घरच्यांना जरा जास्त भूक लागली तर तेवढंही नाही. तुम्ही मुलांचा वाटा जेवण तयार व्हायच्या आधीच काढायला लावलात. भाजी चिरतानाच गाजर-काकडीचे तुकडे बाजूला. कडधान्य शिजलं की मसाला पडायच्या आत एक वाटी निथळून बाजूला. बटाटे उकडायला ठेवले की त्याच पाण्यात धुतलेली अंडी. आणि भाज्या जरा करकरीत असतानाच थोड्या उचलायच्या, कारण सकाळी गरम करताना त्या पुन्हा शिजणार असतात. तोवर मला वाटायचं, भाजी एकदाच शिजते. ती दोनदा शिजणार हे धरून तुम्ही पहिल्या वेळी हात आखडता घेता. या एका हिशेबाने आमच्या डब्यातला लगदा गेला.

भाताचं तर वेगळंच लिहायला हवं. भात शिजला की मुलांचा वाटा तुम्ही रुंद ताटात पातळ पसरायचात, वाफ जाऊ द्यायचात आणि आम्ही जेवायला बसायच्या आत तो फ्रिजमध्ये गेलेला असायचा. कारण कधी सांगितलं नाहीत. "तसाच ठेवायचा नसतो" एवढंच. मी नंतर वाचलं, आणि तुमच्याबद्दलचा आदर वाढला. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिजलेला भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष भात पुन्हा गरम केला तरी नष्ट होत नाही. म्हणजे सकाळी कितीही वाफ आणली तरी रात्रीची हयगय भरून निघत नाही. जे करायचं ते रात्रीच. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की शिजवलेलं अन्न 2 तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा धोकादायक पट्टा आहे. खोल पातेल्यात झाकून ठेवलेला भात फ्रिजमध्येही मधोमध बराच वेळ या पट्ट्यात राहतो. पातळ पसरलेला मात्र लवकर थंड होतो. तुमच्या ताटाचं कारण हे होतं.

त्यातूनच तुमचा दुसरा नियम मला उमगला: डबा गरम तरी द्या, नाहीतर थंड तरी द्या, कोमट देऊ नका. गरम जायचं ते सकाळी आतपर्यंत वाफाळेल असं तापवायचं. 70 अंश तरी गाठायला हवेत. मग ते थर्मासमध्ये, आणि थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून थोडा वेळ तापवून घेतलेला. थंड थर्मासमध्ये गरम अन्न भरलं तर त्यातली बरीच ऊब भांडं तापवण्यातच जाते. भात नेहमी याच वाटेने जातो, कारण थंड झाला की त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि दाणे कडक लागतात. ऊब मिळाली की पुन्हा मऊ पडतात. अंडी, काकडी, दही हे थंड्या डब्यात, शेजारी गोठवलेली पाण्याची बाटली. मधल्या सुट्टीपर्यंत ती बाटली वितळून प्यायला होते. ही युक्ती तुमची की धाकटीची यावर अजून वाद आहे.

बाकी बारीकसारीक गोष्टी तर तुम्ही चालता चालता सांगितल्यात. काकडीला आदल्या रात्री मीठ लावायचं नाही, पाणी सुटतं. सफरचंदाच्या फोडींना लिंबाचा रस चोळला की त्या लवकर काळ्या पडत नाहीत. कडधान्याबरोबर काहीतरी आंबट फळ द्यायचं. हे तुम्ही चवीसाठी म्हणालात, पण क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं, तेव्हा एका दगडात दोन पक्षी. उकडलेलं अंडं सालासकट फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, म्हणून एकदम जास्त उकडायची. आणि गरम अन्नावर झाकण लावून डबा फ्रिजमध्ये सारायचा नाही, नाहीतर झाकणाखाली वाफेचं पाणी साचून सगळं ओलं होतं.

सगळंच या पद्धतीत बसत नाही, हेही लिहायला हवं. तळलेला पदार्थ रात्रभरात चामट होतो, त्याला इलाज नाही. कोवळी पालेभाजी दुसऱ्यांदा तापवली की तिच्याकडे बघवत नाही. अशा रात्री डब्यासाठी पाव, अंडं आणि फळ यांच्यावर भागवायचं आणि वाईट वाटून घ्यायचं नाही. तुम्ही तर वाईट वाटून घेण्याच्या भानगडीतच पडत नाही. मला ते जमायला वेळ लागतोय.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही. आठवड्याचा बेत लिहून ठेवायला तुमचा विरोध होता. "बाजारात काय ताजं मिळतं ते आधी कसं कळणार?" बरोबर आहे. पण मी तुमच्याइतका तयारीचा नाही. फ्रिजच्या दारावर कागद असला की मला संध्याकाळी घरात शिरताना डोकं चालवावं लागत नाही. कागदावर लिहिलेलं आणि शिजलेलं यांचा फारसा संबंध नसतो, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

मुलांना भरायला बसवणं हे तुमचं सगळ्यात धूर्त काम. ताटं उचलायच्या आधी रिकामे डबे टेबलावर येतात. "काय हवं?" असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर कधीच घरात नसतं. "गाजर की काकडी?" असं विचारायचं. ज्याने त्याने आपल्या हाताने भरायचं. ओलं एका कप्प्यात, कोरडं दुसऱ्यात. धाकटीला झाकण स्वतःला उघडता आलं पाहिजे, नाहीतर तो डबा बाद. सुट्टी लहान असते आणि गप्पा जास्त असतात. संत्र्याची साल सोलण्यात वेळ जातो, म्हणून फोडी करूनच. आपल्या हातांनी भरलेलं अन्न परत आणायला मुलांना जरा संकोच वाटतो, हे तुम्ही कसं ओळखलंत? आणि आलंच परत, तर रागवायचं नाही, नुसतं बघायचं: काय राहिलं, का राहिलं. थोरल्याचं कडधान्य रोज परत यायचं. चमचा दिल्यावर संपायला लागलं.

आता सकाळी मला भात आणि कडधान्य तापवून थर्मासमध्ये भरायचं आणि थंडा डबा फ्रिजमधून काढून पिशवीत टाकायचा, एवढंच काम उरलंय. जो वेळ वाचतो त्यात थोरला पाढे म्हणतो, धाकटी बूट उलटे घालते, आणि मी बसून गरम चहा पितो. हिलाही कामावरून आल्यावर ओटा स्वच्छ दिसतो. याचं श्रेय ती मला देते. मी अजून ते नाकारलेलं नाही, म्हणून तर हे पत्र.

वहिनी, मनापासून आभार. दादाला नमस्कार सांगा, आणि सांगा की ही पद्धत त्याच्यासाठीही खुली आहे. पुढच्या सुट्टीत याल तेव्हा स्वयंपाक मी करीन. तुम्ही फक्त टेबलापाशी बसून मुलांबरोबर डबे भरा. थोरल्याला आता पनीरचं काहीतरी हवंय, आणि रात्री पनीर कधी बाहेर काढायचं ते मला अजून नीट जमत नाही, तेव्हा हा प्रश्न घेऊनच या.

आपला नम्र,
धाकटा दीर