तपासणी आंब्याची होते, खाडीच्या मासळीची का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंब्याचा हंगाम आला की कीटकनाशकांच्या अवशेषांची चर्चा सुरू होते, पण ती फळाच्या सालीपुरती आणि निर्यातीच्या पेटीपुरतीच राहते. तुडतुड्यांसाठी मोहोरावर मारलेले औषध जमिनीवरही पडते, पावसाळ्यात वहाळातून खाडीत उतरते आणि कलमांखालच्या गवतातून गुरांच्या पोटात जाते, याचा विचार फारसा होत नाही.

सगळीच कीटकनाशके शरीरात साठत नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. ऑर्गेनोफॉस्फेट गटातली बरीचशी औषधे तीव्र विषारी असली तरी शरीरात त्यांचे विघटन लवकर होते. डीडीटी, बीएचसी यांसारखी क्लोरीनयुक्त औषधे मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि चरबीत सहज विरघळतात, त्यामुळे लघवीवाटे निघून न जाता ती मेदात वर्षानुवर्षे मुरून राहतात. जनावर उपाशी राहिले किंवा आजारी पडले की ही चरबी वापरली जाते आणि त्यातले अवशेष पुन्हा रक्तात येतात. दुभत्या म्हशीत ते दुधाच्या स्निग्धांशाबरोबर पारडाकडे आणि आपल्या घरांत पोहोचतात.

पाण्यातल्या अन्नसाखळीत तर हे प्रमाण पायरीपायरीने वाढते. पाठ्यपुस्तकांतल्या प्रसिद्ध उदाहरणात पाण्यात अब्जात ०.००३ भाग असलेले डीडीटी प्राणिप्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांत) दशलक्षात ०.०४, लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २ आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५ भागांवर गेलेले दिसते. अशा पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवतानाच फुटतात. आपल्या किनाऱ्यावरचे समुद्रगरुड आणि डॉल्फिन याच साखळीच्या टोकाला आहेत, आणि रोज मासळी खाणारे आपणही.

शेतीतील डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, काजूवरच्या ढेकण्या किडीसाठी केरळात फवारल्या गेलेल्या एंडोसल्फानवर २०११ मध्ये. मात्र डीडीटी मातीत अनेक वर्षे टिकते आणि हिवताप नियंत्रणासाठी त्याचा वापर बंदीनंतरही सुरू राहिला. आज बागांत सर्रास वापरली जाणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधे तितकी टिकाऊ नसली तरी माशांना अत्यंत घातक आहेत.

म्हणून दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय यांनी खाडीतील मासळी, कालवे (शिंपले) आणि बागायती गावांतील दूध यांची तपासणी दरवर्षी, फवारणीच्या हंगामात आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा करावी, नमुन्यांतील चरबीचा अंश वेगळा मोजावा आणि निष्कर्ष ग्रामपंचायतींना मराठीत कळवावेत, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)