वकील गैरहजर, दावा मात्र आमचा खारीज

मा. संपादक साहेब,
स.न.

कालच्या अंकात तुम्ही तो लेख छापला, की गैरहजेरीत खारीज झालेले दावे कोर्ट फार सहज पुन्हा फाईलवर घेते, म्हणून केसेस तुंबतात, आता नियम कडक करा. वाचून डोकं तापलं ते अजून तापलेलंच आहे. लेखक अभ्यासू आहेत, त्यांचा मान ठेवूनच लिहितो, पण असा अर्ज घेऊन तालुक्याच्या कोर्टात फिरणाऱ्या एका तरी शेतकऱ्याशी त्यांनी बोलायला पाहिजे होतं.

आमच्या मोठे बाबांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा दावा होता. शेजारचा दरवर्षी नांगराचं एकेक तास आमच्या हद्दीत आत नांगरत आला, सरकारी मोजणी झाली, दगड लागले तरी ऐकेना, म्हणून कोर्टात गेले आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. पुढच्या पेशीला वकील साहेब म्हणाले काकाजी तुम्ही कशाला येता, पेरणी करा, मी आहे ना. आणि त्याच दिवशी साहेब दुसऱ्या कोर्टात, ज्युनिअरही पाठवला नाही, पुकारा झाला, समोरचा वकील हजर, झाला दावा खारीज. घरी कोणाला पत्ता नाही. आम्हाला कळलं ते थेट धुऱ्यावर जेसीबी आली तेव्हा, कारण दावा गेला की त्याच्यासोबत मनाई हुकूमही जातो हे समोरच्याला पक्कं माहीत होतं. आजोबांनी लावलेला कडुनिंब होता तिथं, तो आडवा केला, मोजणीचे दगड उपटून नाल्यात फेकले. मोठे बाबा वावरात उभे राहून सगळ्यांना सांगत होते की माझ्याजवळ कोर्टाचा कागद आहे, आणि त्या कागदात आता काही उरलं नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आता कायदा पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 8 खाली दावा असा खारीज झाला की त्याच कारणावर नवीन दावा टाकता येत नाही, नियम 9 खाली अर्ज करून तोच पुन्हा उभा करावा लागतो. त्याला मुदत 30 दिवस, आणि ते दिवस मोजायचे खारीज झाल्या तारखेपासून, तुम्हाला कळल्यापासून नाही! उलट प्रतिवादीला समन्स नीट बजावलंच नसेल आणि एकतर्फी हुकूमनामा झाला, तर त्याचे 30 दिवस त्याला कळल्यापासून धरतात. मग ज्याच्या वकिलानं त्याला अंधारात ठेवलं त्या वादीला ही सोय का नको? आमची मुदत अशीच निघून गेली, मग विलंब माफीचा वेगळा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, मग पुन्हा तारखा. अर्ज नामंजूर झाला तर अपिलाला यवतमाळ. शेवटी दावा फाईलवर आला, पण खर्च भरायचा हुकूम झाला आणि तो आम्हीच भरला, वकिलानं नाही.

सुप्रीम कोर्टानं 1981 मध्येच रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात सांगून ठेवलंय की वकील आला नाही म्हणून निर्दोष पक्षकाराचं नुकसान होऊ नये, तिथं समोरच्याचा खर्चसुद्धा गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितला होता. कालच्या लेखात याचा एका ओळीत उल्लेख नाही. कडक व्हायचंच असेल तर तिथं व्हा ना, बिनाकारण गैरहजर राहणाऱ्या वकिलाच्या खिशातून खर्च घ्या आणि दावा खारीज झाला की त्याच आठवड्यात खुद्द पक्षकाराच्या पत्त्यावर कोर्टाचं पत्र जाऊ द्या. मोबाईलवर मेसेज येतो असं म्हणतात, येतो, पण आमच्या केसला नंबर वकिलाचाच टाकलेला होता, आणि ॲपवर बघा म्हणावं तर मोठे बाबांजवळ साधा बटनाचा फोन आहे. सगळेच वकील असे नसतात हे मला मान्य आहे, आताचे आमचे वकील आदल्या दिवशी स्वतः फोन करतात. पण वकील चांगला मिळणं हे पक्षकाराच्या नशिबावर सोडता येत नाही.

आणि पक्षकारानं दर तारखेला हजर राहावं असंही लेखात लिहिलंय. राहू, पण यायचं कशानं? आमच्या गावाहून सकाळी तालुक्याला जाणारी एसटी बंद पडली ती पुन्हा सुरू झालीच नाही, दुसरी गाडी पोचते तोपर्यंत पुकारा होऊन गेलेला असतो. डेपोत अर्ज दिला, सरपंचांनी पण दिला, उत्तर नाही. त्या गाडीनं कॉलेजची पोरंपोरी जायची, ती आता ऑटोत लटकून जातात. तुमच्या तालुका प्रतिनिधीनं एकदा डेपोत जाऊन ही गाडी का बंद केली ते विचारावं आणि जे उत्तर मिळेल ते छापावं, एवढी विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ